देवघरातला बिल्ला

१

लिहायची मला हौस नाही. नातीनं वही आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आजोबा, त्या बिल्ल्याचं तुम्ही दर खेपेला अर्धं सांगता आणि उठून जाता. आता पुरं लिहा." ही प्रभावती. परभणीला शाळेत शिकवते. शिकवणाऱ्यांची एक खोड असते, समोरचा प्रत्येक माणूस त्यांना बाकावर बसलेला दिसतो. मी म्हणलं, माझी दुसरी झालेली, ती पण उर्दूत, निजामाच्या राज्यात. मराठी मी पोथ्या ऐकून आणि दुकानांच्या पाट्या बघून शिकलो. ती म्हणाली, चुका मी दुरुस्त करीन. कर बाई. पण मजकुरात हात घातलास तर वही चुलीत जाईल, हे सांगून ठेवलंय.

आणखी एक. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. दारावर बांधलेलं लिंबू सोडून मी वरणात पिळलेलं आहे. तेव्हा मला खुळा समजून कुणी वाचू नये. समजायचं असलं तर वाचूच नये.

२

आमचं घर चुडाव्याला. ठेसनातली शिट्टी ऐकून माय तवा चुलीवर ठेवायची, एवढं जवळ. माळवदाचं घर. समोर ओसरी, ओसरीला लागून गोठा, मग मधलं घर, आणि सगळ्यात आत एक अंधारी खोली. त्या खोलीत उगवतीच्या भिंतीला देव, मावळतीच्या भिंतीला मडक्यांची उतरंड, कोपऱ्यात जातं. मागचं दार उघडलं की न्हाणी. न्हाणी म्हणजे एक सपाट दगड, पाण्याचा रांजण आणि आडोशाला कूड.

देवात आमच्या टाक होते. आताच्या पोरांना टाक माहीत नसतात म्हणून सांगतो. घरातलं कुणी गेलं, त्यातून अवेळी गेलं, की सोनाराकडून चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची मूर्त ठोकून घ्यायची आणि देवात बसवायची. मग तो जीव रांगेला लागला. भटकत नाही. आमच्यात आजाचा टाक होता, एका चुलत्याचा होता, बाळंतपणात गेलेल्या आत्याचा होता. माझी माय, बायनाबाई, अंधारातच उठून दळायची आणि फटफटलं की एकेक टाक चिंचेनं आणि राखेनं घासायची. ज्याचा टाक त्याचं नाव घेऊन. घासून घासून आजाच्या मूर्तीचं नाक गेलं होतं. मायला त्याचं काही नव्हतं. नाव तिला पाठ होतं.

थोरला भाऊ उद्धव. मी त्याला दादा म्हणायचो. लढाई लागली तेव्हा पूर्ण्याला भरतीवाले आले होते, त्यांच्या मागं गेला. आमचं राज्य निजामाचं आणि हा चालला इंग्रजाच्या पलटणीत. मी भांडलो. तो हसला. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती, लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेली होती. मला वाटलं, लंगडा म्हणून परत पाठवतील. नाही पाठवला. जाताना गोठ्यात गेला, आमच्या चांद्या बैलाला जिभेखालून शीळ घातली, बैलानं मान वर केली, आणि हा ठेसनाकडं चालू लागला. वहिनी, कस्तुराबाई, नवी होती. नवऱ्याच्या मागं बघत उभं राहायची सुद्धा तिला लाज वाटली. ओसरीच्या खांबामागून बघत होती.

३

लढाई संपली. गाड्या भरून शिपाई परतायला लागले. मी रोज ठेसनावर जायचो. दुसरं काय करणार.

एक दिवस गाडी थांबली आणि डब्यातून एक मिलिटरीवाला ओरडला, "चुडावा का कौन है?" मी पळालो. उद्धवचा भाऊ म्हणून सांगितलं. त्यानं रुमालाची एक गाठ माझ्या हातात दिली. म्हणाला, "उद्धव के थैले में था. बोलता था, घर को पहुँचाना है इसको." मी विचारलं, तो कुठं आहे. त्याचं तोंड हललं, पण पुढचं इंजिनानं खाल्लं. गाडी गेली.

गाठीत एक बिल्ला होता. लालसर, गोल, रुपयापेक्षा मोठा. ना लोखंड ना चांदी. कातडं दाबून वाळवावं तसं काहीतरी. एक भोक, त्यात मळका दोरा, आणि वर ठोकून उठवलेली इंग्रजी अक्षरं.

चुडाव्यात इंग्रजी येणारा एकच माणूस. म्हणजे येतं असं सांगणारा एकच. व्यंकटराव. तालुक्याच्या कचेरीत कारकून, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी थोरला. कुणाला कागद आला की त्याच्याकडं. तो आमच्या ओसरीवर आला. आळी जमली. त्यानं बिल्ला लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडं धरला. माय उंबऱ्यात उभी होती. तिची नजर बिल्ल्यावर होती. व्यंकटरावानं तिच्याकडं एकदा बघितलं, माणसांकडं एकदा बघितलं.

"हा नंबर," तो म्हणाला. "हे नाव. उद्धव. अन् ही जात-धर्म, हिंदू. गळ्यातला बिल्ला हाय हा पलटणीचा. माणूस गेल्यावरच काढतेत."

मी म्हणलं, "गेल्यावरच?"

"नेमच हाय तसा, भुजंग."

मी म्हणलं, थैल्यात होता असं तो म्हणाला, गळ्यात नव्हता. पण तोवर बाया आत शिरल्या होत्या. ओसरीच्या दगडावर वहिनीच्या बांगड्या फोडल्या. तिचं वय किती, तर अजून मायच्या हाताखाली भाकरी थापायला शिकत होती. सरकारी कागद आलाच नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. व्यंकटरावाचं तोंड हाच कागद.

४

दहावं-तेरावं झालं. सोनार म्हणाला, टाक करून देतो, चांदी आणा. माय म्हणाली, नको. "त्याच्या गळ्यातलं हाय, त्याचं नाव हाय त्यावर. ह्याच्यापरीस टाक कोणता आणू?" तिनं दोरा काढला, बिल्ल्याला हळदकुंकू लावलं, आणि आत्याच्या टाकाशेजारी उभा करून ठेवला. दादाचं नाव घेऊन बोलावलं. चारदा बोलावलं. मला ते बघवेना म्हणून मी गोठ्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी अंधारात मला जाग आली. आत जातं चालू होतं. मायच्या ओव्या चालू होत्या. आणि न्हाणीत पाणी वाजत होतं.

आधी काही वाटलं नाही. माय हातपाय धूत असेल. मग माझ्या ध्यानात आलं, माय जात्यावर आहे. वहिनी? वहिनी मधल्या घरात माझ्या डोळ्यांपुढं झोपलेली. आवाज अंग धुण्याचा नव्हता. ओंजळभर पाणी, थांबणं. ओंजळभर पाणी, थांबणं. मग चूळ भरल्यासारखं. मग पुन्हा थोडं पाणी, लांबवर ओघळणारं. घाई नाही, की नासाडी नाही. परक्या घरात माणूस पाणी जपून वापरतो ना, तसं.

मी उठून मागल्या दारापाशी गेलो. न्हाणीत कुणी नव्हतं. दगड ओला होता. मी मनात म्हणलं, रांजण झिरपतो. दुसऱ्या दिवशी रांजणाचं बूड चिखलानं लिंपलं. पाणी वाजायचं थांबलं नाही. मग म्हणलं, मांजर असेल. मांजर चूळ भरत नाही, हे मलाही कळत होतं.

मायला विचारलं. ती म्हणाली, "तुला ऐकू आलं व्हय?" आणि टाक घासायला लागली. बिल्ला पण घासत होती. चिंच, राख, पाणी. बाकीच्यांसारखाच.

५

मग उतरंड हलली. मावळतीच्या भिंतीशी आमची मडकी माझ्या जन्माच्या आधीपासून रचलेली. एक दिवस शेतातून येऊन बघतो तर ती जात्याच्या बाजूला. भिंत मोकळी, जमीन नुकती सारवलेली. माय म्हणाली, मुंग्या लागल्या होत्या. मुंगी मला एकही दिसली नाही.

त्या सारवलेल्या जमिनीवर ओल्या पायांचे ठसे उठायचे. न्हाणीच्या दारातून आत, मोकळ्या भिंतीपर्यंत. देवांकडं एकही पाऊल नाही. भिंतीजवळ पावलं जोडून उभी राहिलेली, आणि त्यांच्यापुढं, हातभर अंतरावर, सारवण घासून एक गोल डाग पडलेला. मी गुडघ्यावर बसून ठसे बघितले. डावा पाय नीट निरखला. पाचही बोटं होती.

दादाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती.

मी त्या ठशावरून बोट फिरवलं. आणि मला आमच्या शाळेचे मौलवीसाहेब आठवले. शाळेच्या आडावर दुपारी ते बाह्या सारून बसायचे. हात, मग चूळ, नाक, तोंड, मग कोपरापर्यंत पाणी ओघळू द्यायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचे, मग पाय. आम्ही पोरं पोहरा धरून उभी असायचो. नमाजाआधीचं धुणं. मग मावळतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि कपाळ जमिनीला टेकवायचे. तो आवाज मी दोन वर्षं ऐकलेला होता. आमच्या न्हाणीत तोच होता.

मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःला सांगितलं, भुजंग, तुझ्या डोक्यावर परिणाम झाला.

६

किशनराव ठेसनाच्या पलीकडं राहायचा. तो पण पलटणीतून परतला होता, हात गळ्यात बांधून. त्याच्या गळ्यात दोन बिल्ले होते, एक लाल गोल, एक हिरवा आठ कोनांचा. सवय झाली म्हणून काढत नव्हता. एका दुपारी माय तिच्या जावेकडं गेलेली बघून मी देवातला बिल्ला धोतराच्या सोग्यात बांधला आणि त्याच्याकडं गेलो.

त्यानं हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय केलं रे हे? भांडं हाय का घासायला?"

बिल्ला पापुद्र्यासारखा सुटायला लागला होता. नंबर गेला होता. नाव गेलं होतं. नावाच्या जागी नुसतं खरबरीत, बोट फिरवलं तर वाटायचं की होतं इथं काहीतरी. फक्त खालच्या कडेला एक अक्षर राहिलं होतं, कारण तिथं मायचं कुंकू साचून घट्ट बसलेलं.

किशनरावालाही वाचता येत नव्हतं. पण त्यानं स्वतःचा लाल बिल्ला काढून शेजारी ठेवला. "हे खालचं धर्माचं असतंय. माझं बघ. दोन खांब अन् मधी आडवी दांडी. आमच्यातल्या समद्या हिंदूंचं असंच." त्यानं आमच्या बिल्ल्यावर नख ठेवलं. इथंही दोन खांब होते, पण मधली दांडी आडवी नव्हती. वरून दोन्हीकडून उतरून मधोमध खाली टेकलेली, झोळी लोंबावी तशी. "हे असलं मुसलमानाच्या बिल्ल्यावर असतंय," तो म्हणाला. "माझ्या तंबूत दोघं होते. म्या रोज बघायचो."

"मग दादाच्या थैल्यात कसा आला?"

"दोस्त आसंल. मेला की लाल काढतेत, हिरवा अंगावर ऱ्हातो. एखादा म्हणतो, मी नेऊन देतो ह्याच्या घरी." त्यानं बिल्ला माझ्या हातावर ठेवला, घाईनं. "न्यायचा ऱ्हायला आसंल."

मी तसाच व्यंकटरावाकडं गेलो. तो ओसरीवर पान लावत बसला होता.

"व्यंकटराव, त्या बिल्ल्यावर दादाचं नाव नव्हतं."

"कोण म्हणतो?"

"धर्माचं अक्षर दुसरं हाय."

"बरं. तुला कवापासून इंग्रजी यायला लागलं?"

"मला येत न्हाई. तुमाला येतं, म्हणून आलाव. नाव काय होतं तेवढं सांगा. आता ते पुसलं. तुमच्याबिगर ते कुणी वाचलेलं न्हाई."

"वाचलं ते तवाच सांगितलं."

कोपऱ्यात त्याच्या पोराची पाटी पडली होती. ती मी त्याच्यापुढं सरकवली. "मग उद्धव लिहून दावा हिच्यावर. इंग्रजीत. पहिलं एक अक्षर लिहा."

तो पानाला चुना लावत राहिला. पान चुन्यानं पांढरं झालं. "मला कचेरीचं काम हाय," म्हणाला, आणि ते पान तोंडात घालून आत गेला. तोंड भाजलं असेल. भाजू दे.

म्हणजे दोनपैकी एक. ह्याला वाचता येत होतं आणि हा खोटं बोलला, नाहीतर ह्याला वाचता येत नव्हतं आणि हा खोटं बोलला.

७

सांगणार नव्हतो हा भाग. पण वहिनीचा आहे, म्हणून सांगतो.

एके दिवशी दिवेलागणीला ती मला म्हणाली, "भावजी, गोठ्यामागं कोण शीळ घालायलाय?"

"गुराखी आसंल."

"गुराख्याच्या शिळंला चांद्या उठत न्हाई."

मी गोठ्यात गेलो. बाकीची जनावरं रवंथ करत बसलेली. चांद्या उभा. कान पुढं, मान वर, आणि कुडाच्या फटीकडं बघत होता. त्याच्या अंगावरून थरथर जात होती, पण ती भ्यायल्याची नव्हती. मालक वैरण घेऊन येतो तेव्हा तो तसा व्हायचा.

शीळ मी ऐकली नाही. ऐकली असं म्हणणार नाही.

सकाळी घराभोवती फिरलो. मागल्या बाजूच्या फुफाट्यात पावलं होती. डाव्याला करंगळी नव्हती. गोठ्यापासून ओसरीच्या पायरीपर्यंत आलेली आणि वळलेली. तिथून कुडाला वळसा घालून न्हाणीच्या दारापर्यंत आलेली आणि वळलेली. प्रत्येक उंबऱ्याशी पुढची बोटं जास्त रुतलेली, माणूस आत वाकून बघतो तशी.

मी म्हणलं, तुटक्या बोटाचं दुसरं कुणी असेल गावात. आठवून बघितलं. नव्हतं.

त्यानंतर वहिनी रोज दिवेलागणीला ओसरीच्या त्याच खांबाला धरून उभी राहायची. मी ओरडलो तिच्यावर, आत चल म्हणून. ती म्हणाली, "तुमी जा. ते पार पायरीपस्तोर येतेत, भावजी. आत येत न्हाईत."

"मग बोलव की."

"बोलवलं. आत जागा न्हाई म्हणतेत."

दादा खरंच तसं म्हणाला का, हे मी तिला विचारलं नाही.

८

मी ठरवलं, बिल्ला नदीत टाकायचा. देवाजवळ गेलो तर माय उंबऱ्यात बसली.

"ठेव ते."

"माय, हा दादा न्हाई."

"मला कामून सांगायलास? पोटात म्या वागवला का तू?"

"तुला ठावं होतं?"

"पहिल्याच पहाटे कळलं. उद्धवला अंगाला पाणी लावायला मागं लागावं लागायचं. हा न सांगता धुतो." ती हसली की काय असं मला वाटलं. "लय नेमाचा हाय. कुणीतरी चांगलं वळण लावलंय."

"म्हणून उतरंड काढलीस."

"मडक्याम्होरं कसा उभा ऱ्हाईल तो? त्याला भिंत लागती."

मला राग आला. मी म्हणलं, "आत परक्याला भिंत मोकळी करून देतीस, अन् तुझं पोर भाईर पायरीवरून वापस जायलंय. ऐकायला येत न्हाई तुला?"

तिनं जात्याच्या खुंट्याला हात लावला. मग म्हणाली, "येतं. म्हणून तर दिवेलागणीला पण दळते आता. दळलं की येत न्हाई."

जात्याशेजारी पिठाच्या टोपल्या भरलेल्या होत्या. एवढं पीठ आम्ही तिघं खाणार नव्हतो. ते मी तेव्हा बघितलं.

"काढ ना मग ह्याला," मी म्हणलं.

"कसा काढू? बसवलेला टाक काढायचा तर नाव घेऊन सांगावं लागतं, बाबा, तुझं हितलं झालं, आता जा. अन् मग गंगेत सोडायचा. बिननावाचा टाकला तर तो ना हितला ना तिथला. ह्याच्या मायला आजून वाटत आसंल, पोर कुठंतरी जितं हाय. ती पण गाडीची शिट्टी ऐकत आसंल." तिनं पदरानं बिल्ला पुसला. "म्या घासून घासून त्याचं नाव घालवलं रे. मला वाटलं, नाव मला पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी ती व्यंकटरावाच्या दारात जाऊन बसली. आतून त्याची बायको म्हणाली, घरी नाहीत. त्याच्या वहाणा दारातच होत्या. माय उन्हात बसून राहिली. मी न्यायला गेलो तेव्हा ती बंद दाराशी बोलत होती, शेजारच्याशी बोलावं तशी.

"राग न्हाई, व्यंकटराव. नाव ठावं आसंल तर सांगा, मी त्याला पोचता करते. अन् वाचता येत न्हाई म्हणलात, तरी भागंल. मग मी त्याचं बारसं करते, दुसरं नाव ठेवते, त्या नावानं सोडते. पण त्याचं नाव तुमच्यापाशी आसंल तर मला दुसरं ठेवता येत न्हाई. दोनातलं एक सांगा. माझं भाईर ताटकळलंय."

दारामागं पितळी भांडं ठेवल्याचा आवाज आला. तेवढाच.

९

मग रझाकारांचे दिवस आले. व्यंकटराव बायकापोरं घेऊन सरहद्दीपलीकडं कँपात गेला. नाव, होतं तर, त्याच्याबरोबर गेलं. गावातले अर्धे गेले. मौलवीसाहेब दार लावून घरात बसले, त्यांना दोन्हीकडची भीती. मी मायला म्हणलं, बाहेर ही गत आणि आपल्या देवात हा. कुणाला कळलं तर? ती म्हणाली, "त्यानं काय केलं?"

आम्ही गेलो नाही. मायनं घर सोडलं नसतं. आत एक आणि बाहेर एक.

त्या साली पावसाळ्याच्या शेवटी, निजामाचं राज्य जायच्या आधी थोडे दिवस, मला ते दिसलं. उजाडायचं होतं. पाणी वाजून थांबलं होतं. जातं चालू होतं, पण ओवी नव्हती, आणि जातं फार हळू फिरत होतं. आजारी माणूस झोपला असताना बाई भांडी कशी हळू ठेवते, तसं. मला वाटलं मायला बरं नाही. मी मधल्या दाराचं फळकुट लोटलं.

माय जात्यावर होती. तिची नजर समोर होती, मावळतीच्या भिंतीकडं.

भिंतीपुढं एक माणूस बसला होता. पाय मुडपून, गुडघ्यांवर हात ठेवून. पाठ माझ्याकडं. अंगात खाकी, ती पाठीला ओली चिकटलेली. मान बारीक, पोराची असावी तशी. मानेवर दोऱ्याचा वळ होता, कातडी तिथं उजळ होती. मी हे सगळं धडधडीत बघितलं आणि माझं मन सांगत होतं, खुंटीवर सदरा आहे. खुंटीवरचा सदरा आहे.

मग त्यानं मान वळवली. उजव्या खांद्याकडं, सावकाश. मौलवीसाहेब नमाजाच्या शेवटी वळवायचे तशी. मी डाव्या बाजूला उभा होतो. मला पुढचं माहीत होतं. उजवीकडं झालं की डावीकडं.

त्याची मान सरळ झाली. आणि डावीकडं यायला लागली.

गालाचं हाड दिसलं. कानामागं चिकटलेला चिखल दिसला, वाळलेला, आमच्याकडच्या काळ्या मातीचा नाही, तांबडा. मी मान खाली घातली. अंगात बळ होतं म्हणून नाही, नव्हतं म्हणून.

जातं थांबलं. माय म्हणाली, "झालं का, लेकरा?"

आणि त्याच वेळी ओसरीकडून चांद्याच्या गळ्यातली घंटा वाजली. एकदा. बैल उठून उभा राहिला होता. मी दोघांच्या मधल्या घरात उभा होतो, आणि मला कुठंच जाता येईना.

मी मान वर केली तेव्हा भिंत मोकळी होती. मायच्या डोळ्याला पाणी होतं. ते कुणासाठी होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

१०

माय गेली त्याला तीस वर्षं होऊन गेली. तिचा चांदीचा टाक करून घेतला. वहिनी परवा-परवापर्यंत होती. अखेरच्या आजारात सुद्धा दिवेलागणीला ओसरीच्या खांबाशी बाज टाकून घ्यायची. कुंकू तिनं लावलं नाही आणि दुसरं घर केलं नाही. बाई पुरती विधवा झाली नाही आणि सवाशीण राहिली नाही. दादाचा टाक मी बसवलेला नाही. त्याची जागा भरलेली आहे.

बिल्ला अजून देवात आहे. आता त्यावर काहीच नाही, ते एक अक्षरही नाही. वाळल्या पोळीचा तुकडा वाटतो. मी घासत नाही. रात्री न्हाणीत तांब्याभर पाणी ठेवतो, आणि मावळतीच्या भिंतीला काही टेकवू देत नाही. प्रभावती सुट्टीला आली की म्हणते, आजोबा, पहाटे नळ गळतो वाटतं. मी म्हणतो, गळत असेल. ती शिकलेली आहे, तिला नळ पुरतो.

बैल आता घरात नाहीत, म्हणून बाहेरचं मला कळायचं बंद झालं. कळत नाही म्हणजे कुणी येत नाही असं नाही. पायरीवर फरशी बसवायची म्हणून मुलगा मागं लागलाय. फरशीवर पावलं उठत नाहीत. मी बसवू देत नाही.

बिल्ला वाचून सांगणारा तो माणूस जिवंत आहे. परभणीला लेकाच्या घरी असतो, दात नाहीत, पान कुटून खातो. गेल्या वर्षी मी गेलो होतो. त्याचा लेक शेजारी बसला होता म्हणून आवाज न चढवता विचारलं. म्हणलं, आता कचेरी नाही, निजाम नाही, कुणी हसणार नाही. नाव सांगा. नाहीतर वाचता येत नव्हतं म्हणा. दोन्हीतलं काहीही चालेल, माझी माय सांगून गेली आहे. तो खलबत्त्यात पान कुटत राहिला. मग लेकाला म्हणाला, ह्यांना चहा द्या.

चहा मी प्यालो नाही.

मला त्याच्याकडून माफी येणं आहे. वहिनीच्या बांगड्यांची, मायच्या उन्हातल्या बसण्याची, पायरीवरून वळणाऱ्याची आणि आत भिंतीला तोंड करून बसणाऱ्याची, ज्याचं नाव एका आईनं ठेवलं होतं आणि दुसरीनं घासून घालवलं. त्याचं नाव मला लिहिता येत नाही. ज्यानं ते दाबून ठेवलं, त्याचं येतं. पोरीनं दिलेली शाई पक्की आहे, घासून जाणारी नाही. म्हणून शेवटी तेवढंच लिहितो.

व्यंकटराव.